शेफरच्या जुन्या पेनाचा काळ कसा ओळखावा?

प्रश्न : माझ्या संग्रहातील एका शेफर पेनाच्या टोपणावर पांढरा ठिपका, बाजूला शाई भरण्याची तरफ आणि दोन्ही टोके निमुळती आहेत. हे पेन कोणत्या काळातले असावे, आणि ठिपक्याचा अर्थ काय?

उत्तर १ : वॉल्टर शेफर हे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसनचे जवाहिरे. तरफेने आतील रबरी पिशवी दाबून शाई ओढून घेण्याच्या रचनेचे पेटंट त्यांना १९०८ मध्ये मिळाले, आणि ड्रॉपरने थेंब थेंब शाई भरण्याच्या त्या काळात ही सोय इतकी मोलाची ठरली की १९१३ मध्ये तिच्याच बळावर कंपनी उभी राहिली. पांढरा ठिपका १९२४ पासूनचा. तो आजीवन हमीची खूण होता. निमुळता आकार मात्र १९२९ च्या ‘बॅलन्स’ मालिकेने आणला, त्यामुळे आपले पेन त्यानंतरचेच असावे.

उत्तर २ : वरील उत्तराशी सहमत. एक कळकळीची विनंती : तरफ जोराने ओढू नका. जुनी रबरी पिशवी कडक होऊन तडकते आणि तरफही मोडू शकते. आधी पिशवी बदलून घ्यावी.

उत्तर ३ : माझ्या मते या कंपनीची सर्वांत कल्पक निर्मिती म्हणजे १९५२ चे ‘स्नॉर्कल’. निबखालून बाहेर येणारी बारीक नळी शाई शोषून घेत असे, त्यामुळे निब दौतीत बुडवावे किंवा पुसावे लागत नसे. फोर्ट मॅडिसनचा कारखाना २००८ मध्ये बंद झाला.