आठ वर्षांच्या मुलीसाठी विज्ञान संच निवडताना काय पाहावे?

प्रश्न

माझ्या आठ वर्षांच्या मुलीला प्रत्येक वस्तू उघडून आत काय आहे हे पाहण्याची फार हौस आहे, म्हणून तिच्यासाठी एखादा विज्ञान संच घ्यावा असे आम्ही ठरवले आहे. सध्या तीन पर्याय समोर आहेत: विद्युत परिपथांचा संच, ‘शंभर प्रयोग’ असे खोक्यावर छापलेला रसायनांचा संच आणि वस्तू १२०० पट मोठी दाखवणारा सूक्ष्मदर्शक. यांपैकी एकच घ्यायचा झाल्यास निवड कोणत्या कसोटीवर करावी? घरात तिचा दोन वर्षांचा भाऊही आहे आणि हाती लागेल ते तोंडात घालण्याचे त्याचे वय आहे, हे लक्षात घेऊन उत्तर द्यावे ही विनंती.

प्रतिसाद १

प्रयोगांच्या आकड्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकदा फुग्यात, एकदा बाटलीत आणि एकदा ज्वालामुखीच्या साच्यात एकत्र केले की तीन प्रयोग मोजले जातात. प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणी आम्ल आणि बायकार्बोनेट यांच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइडच सुटत असतो. (खऱ्या ज्वालामुखीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तरी तो साचा बहुतेक संचांत हटकून असतो.)

पुस्तिकेतला प्रयोग करून झाल्यावर मुलाला त्यात स्वतःच्या मनाने काही बदलून पाहता येते का, एवढेच मी पाहतो. या कसोटीवर परिपथांचा संच उजवा ठरतो, विशेषतः त्यात तयार मोटरऐवजी मोटर बनवण्याचे साहित्य असेल तर. वीज न वाहू देणारा इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे करून त्याच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूने खरवडायचा, म्हणजे चुंबकाजवळ फिरताना प्रत्येक फेऱ्यात निम्मा वेळ प्रवाह तुटतो आणि वेटोळे आधीच्या वेगावर पुढे सरकते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर पुढच्या अर्ध्या फेऱ्यात चुंबकाचा जोर उलट दिशेने लागतो, त्यामुळे ते नुसते डुलत राहते. हे कारण मुलीला आधी सांगू नये. दोन्ही प्रकार तिला करून पाहू द्यावेत. मग वेढे वाढवले तर काय होईल, चुंबक उलटा ठेवला तर दिशा बदलेल का, हे प्रश्न तिचे तीच विचारू लागेल.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. सूक्ष्मदर्शकाविषयी थोडी भर घालतो.

उपयोगी वर्धन हे वस्तुभिंगाच्या (वस्तूजवळच्या भिंगाच्या) न्युमेरिकल अपर्चरवर, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते हे सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असते आणि ढोबळमानाने त्याच्या हजारपटीपलीकडे नवे तपशील दिसत नाहीत. प्रयोगशाळेतल्या उत्तम वस्तुभिंगालाही १२०० पट गाठण्यासाठी काचेवर तेलाचा थेंब ठेवावा लागतो. प्लॅस्टिकची भिंगे असलेल्या खेळण्यात त्या वर्धनाला मोठे पण धूसर चित्र तेवढे मिळते. सूक्ष्मदर्शकच घ्यायचा असेल, तर २० ते ४० पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक पाहावा. त्यात मुंगीचा पाय, मिठाचे कण किंवा कापडाची वीण काचपट्टी तयार न करता, अखंड वस्तू तशीच ठेवून पाहता येते. शिवाय प्रतिमा सुलट दिसत असल्याने वस्तू सरकवताना मुलांचा गोंधळ उडत नाही.

प्रतिसाद ३

दोन वर्षांचे मूल घरात असल्यामुळे मी आधी बॅटरी आणि चुंबक तपासले असते. नाण्याच्या आकाराचा, २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर तो फुटण्याचीही गरज नसते. ओलसर ऊतीतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजणूक होऊ शकते. म्हणून साधे एए सेल वापरणारा आणि बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारा संच घ्यावा.

निओडिमियमचे लहान चुंबक असलेला संच तर नकोच. असे दोन चुंबक गिळले गेल्यास ते आतड्यांच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि भिंतीला भोक पडू शकते. मुलाने सेल किंवा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्रतिसाद ४

पहिल्या प्रतिसादात रसायनांच्या संचाला जरा लवकरच बाद केले आहे, असे मला वाटते. तुरटीचे स्फटिक वाढवण्याचा प्रयोग त्याच कसोटीवर चांगला उतरतो, कारण द्रावण किती संपृक्त करावे, ते झाकून ठेवावे की उघडे, बीज-स्फटिक (ज्यावर मोठा स्फटिक वाढतो तो लहान स्फटिक) दोऱ्याला टांगावे की तळाशी ठेवावे, हे सारे मुलांना बदलता येते आणि रोजच्या नोंदी ठेवण्याची सवय लागते. मात्र निळ्या स्फटिकांसाठी मोरचूद दिलेले असेल, तर तुमच्या घरात तो संच नको. ते विषारी आहे आणि त्याचा रंग लहान मुलांना नेमका भुरळ घालतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. परिपथांचा संच घेण्याचे ठरवत आहे. पाहिलेल्या एका संचात ९ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी आहेत, पण प्रवाह मर्यादित ठेवणारे रोधक नाहीत. हे चालेल का?

प्रतिसाद १

चालणार नाही. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. उरलेले ७ व्होल्ट रोधकावर पडून प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आत राहावा, यासाठी मालिकेत ३९० ओहमचा रोधक हवा. रोधकाशिवाय एलईडी क्षणभर लखलखून जळून जाईल. रोधक मुळातच न देणाऱ्या संचाची पुस्तिकाही बहुधा तितक्याच निष्काळजीपणे लिहिलेली असेल, तेव्हा दुसरा संच पाहावा.