‘गिनिपिग’ म्हणून मोकळं होऊ नका : उस्मानाबादच्या त्या पाहणीबद्दल

शेवंती
काल इथे कळंबकर यांची पोस्ट वाचली आणि रात्री झोप लागली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : परदेशी पैशावर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रयोग झाला, ३१ हजार बायकांना मुद्दाम तपासणीविना ठेवलं, त्यातल्या ६४ मेल्या, त्या मोजल्या आणि पेपर छापला. आपल्या बायका गिनिपिग.

आकडे त्यांनी खोटे दिलेले नाहीत, अर्धे दिलेत. मी पूर्ण देते. १९९९ला ही पाहणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता, हे खरंच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार वाट्यांत घातले. एका वाट्याला एचपीव्ही तपासणी (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो नमुन्यात मशीनने शोधायचा), एकाला पॅप (तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या), एकाला व्हीआयए (ॲसिडच्या पाण्याचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं). चौथ्या वाट्याला जे जिल्ह्यात आधीपासून चालू होतं तेच, म्हणजे काहीच नाही. आठ वर्षांनी हिशेब झाला. चौथ्या वाट्यात ३१,४८८ बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ मृत्यू. एचपीव्हीच्या ३४,१२६ बायकांत ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे! जगाला हे पहिल्यांदा आपल्या जिल्ह्यातून कळलं.

माझी आत्या त्या एचपीव्हीच्या गावातली. तिच्याकडून ऐकलेलं सांगते. शाळेच्या खोलीत साड्यांचा आडपडदा लावला होता. सिस्टरने छोट्या ब्रशने नमुना घेऊन नळीत बंद केला. आत्या म्हणते, “पाच मिन्टं बी लागली न्हाईत, पर लाजंनं जीव गेला.” पुढे निरोप आला, बार्शीला या. दुर्बिणीतून पाहिलं आणि तेवढा भाग गोठवून टाकला. आज ती सत्तरी ओलांडून सुनेशी भांडते आहे.

मी स्वतः सरकारी दवाखान्यात व्हीआयए करते. रोजचं काम आहे म्हणून बोलते. कळंबकर, राग धरायचाच तर २००९ नंतरच्या वर्षांवर धरा. पेपर आला, जगाने नियम बदलले, २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणून सांगितलं. आणि ज्या जिल्ह्याच्या बायकांनी हे सिद्ध करून दिलं, तिथे माझ्या टेबलावर आजही कापसाचा बोळा आणि ॲसिडचं पाणीच आहे.

कळंबकर
ताई, तुमच्या आत्यांना उदंड आयुष्य लाभो. माझी आई २००६ला गेली. याच आजाराने. अंगावरून जायचं, तर जवळच्या डॉक्टरने वर्षभर रक्तवाढीच्या गोळ्या आणि इंजेक्शनं दिली. एकदाही तपासायच्या टेबलावर घेतलं नाही. आमचं गाव तुमच्या चार वाट्यांपैकी कशात होतं की कशातच नव्हतं, मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की शेजारच्या तालुक्यात मशीन होतं आणि माझ्या आईला कुणी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. पॅपने मृत्यू कमी होतात हे फिनलंडसारख्या देशांनी कधीच दाखवून दिलं होतं. मग काहीच न देणारा चौथा वाटा कशाला? नवी तपासणी जुन्या तपासणीशी ताडून बघा की! हा प्रश्न माझा एकट्याचा नाही, अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही जाहीरपणे विचारला होता. तिकडच्या बाईला ‘काहीच नाही’वाल्या गटात टाकलं असतं का कुणी? तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला २००९-१०मध्ये मुलींना एचपीव्हीची लस दिली तेव्हा संमतीवर हॉस्टेलच्या वॉर्डनने सह्या केल्या. आपल्याकडे गरिबाची सही अशीच असते.

शेवंती
आईंचं वाचून वाईट वाटलं. ‘तपासायच्या टेबलावर घेतलं नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते.

पण पॅपचं उत्तर त्याच पाहणीत आहे. पॅपच्या वाट्यात ५४ मृत्यू, व्हीआयएच्या वाट्यात ५६, काहीच नसलेल्यात ६४. म्हणजे फिनलंडचं पॅप आपल्याकडे आणून एकदा केलं, तर फरक इतका किरकोळ की तो छातीठोकपणे सांगताही येत नाही. चौथा वाटा नसता तर ५४ आणि ५६ बघून आपण म्हणालो असतो, दोन्ही सारखेच चांगले. आणि स्वस्त म्हणून व्हीआयए घेऊन बसलो असतो.

खम्ममच्या सह्या चूकच होत्या. पण ती लस, हा तपासणीचा विषय. दोन्ही एका पोत्यात घालू नका.

अनुस्वार
आधी एक : आता धाराशिव म्हणा. जिल्ह्याचं नाव बदललंय.

दुसरं, शेवंतीताई पॅपवर अन्याय करतायत. पॅप आयुष्यात एकदा करायची गोष्टच नाही. फिनलंडमध्ये दर पाच वर्षांनी बोलावतात, म्हणून तिथे मृत्यू घटले. एकदाच करून नापास ठरवायचं म्हणजे पोराला एकच पेपर देऊन शाळेतून काढण्यासारखं झालं.

तिसरं, संमतीबद्दल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख बायकांवर अशीच पाहणी झाली, तिथे व्हीआयए दर दोन वर्षांनी केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून केलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे तुमचा कापसाचा बोळाही नीट, पुन्हा पुन्हा फिरवला तर जीव वाचवतो. पण त्याच पाहणीबद्दल अमेरिकी सरकारच्या देखरेख कार्यालयाने म्हटलं की पॅप नावाची तपासणी असते आणि ती बाहेर करून घेता येते, हे बायकांना पुरेसं सांगितलं नव्हतं. एवढं तरी मान्य कराल?

शेवंती
धाराशिव. बरं. पाहणीच्या कागदावर उस्मानाबाद आहे म्हणून तसं लिहिलं.

संमतीचं मान्य. ते सांगायलाच हवं होतं, यात मला वकिली करायची नाही. आणि ३१ टक्केही मान्य, मी रोज तेच करते, मला आनंदच आहे. पण बोळा फिरवणाऱ्या बाईच्या बाजूनेही ऐका. पिशवीच्या तोंडावर ॲसिडच्या पाण्याचा बोळा धरायचा, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात पांढरा चट्टा उमटतो का ते बघायचं. सूज असली तरी पांढुरकं दिसतं. चट्ट्याची कड ठळक आहे की विरत गेलीय, हे ठरवणारी मी एकटी. सकाळी अकराला जी कड मला ठळक वाटते ती तिसाव्या बाईनंतर, वीज गेल्यावर, बॅटरीच्या उजेडात तशीच वाटेल याची हमी मी देत नाही. शिवाय पन्नाशीनंतर, कॅन्सर जिथे सुरू होतो तो भाग आत सरकतो, मला दिसतच नाही. ‘नॉर्मल’ लिहिताना माझा हात अडतो.

मशीनला हे काही नाही. उस्मानाबादच्याच पाहणीत तपासणी निगेटिव्ह आलेल्या बायकांत पुढे कॅन्सर किती निघाला? पॅप आणि व्हीआयएत लाखामागे साधारण १६, एचपीव्हीत ४ सुद्धा नाही. बाईला ‘घरी जा, काळजी करू नकोस’ म्हणायचं तर ते खरं ठरायला नको का?

निशिगंध
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. निगेटिव्हचं कौतुक झालं, आता पॉझिटिव्हचं बोला. त्याच पाहणीत दहातली एक बाई एचपीव्ही पॉझिटिव्ह होती. बहुतेकींचा व्हायरस आपोआप जातो. पण तिच्या हातात कागद पडला की घरी काय होतं हे शेवंतींना माहीत असेलच. नवरा पहिला प्रश्न विचारतो, “हा आजार आला कुठून?” माझ्याकडची एक बाई चार महिने माहेरी बसली होती. आणि दुसरी बाई तोच कागद घेऊन दुसरीकडे गेली, पिशवी काढून आली. वय ३४.

मशीन आणण्याआधी पॉझिटिव्ह बाईला समजावणारं कोण, दुर्बिणीतून बघणारं कोण, ते सांगा.

माजलगावची
पिशवीचा विषय निघालाच आहे तर बोलते, बरेच दिवस साचलंय.

मॅडम, कागद लागतो कुठे? आमच्याकडे पिशव्या कागदाशिवायच निघाल्या. २०१९च्या सरकारी समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती आली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सहातली एक. माझी थोरली जाऊ त्यातली. अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टरने सोनोग्राफी केली, म्हणाला, पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल. ना पॅप, ना बोळा, ना ब्रश. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाचा होऊ घातलेला कॅन्सर दिसतो का हो मॅडम? तुम्हीच सांगा. तिने मुकादमाकडून उचल घेतली, ऑपरेशन केलं आणि ती फेडायला दोन सीझन जास्त कोयता चालवला. आता चाळिशीत हाडं दुखतात, रात्री अंगाची लाही होते.

निशिगंध
नाही दिसत. सोनोग्राफीत ते दिसत नाही आणि तसं सांगणाऱ्याने खोटं सांगितलं. पण प्रत्येक वेळी डॉक्टरच्या नावाने शंख करू नका. माझ्यासमोर बायका स्वतः बसतात, “मॅडम, पोरं झाली, आता कटकट नको, काढून टाका.” मी नाही म्हटलं तर बाहेर जाऊन म्हणतात, हिला येत नाही.

माजलगावची
का म्हणतात ते विचारलंत कधी? पहाटे चारला फडात जायचं, संडास नाही, पाणी नाही. पाळीत घडी बदलायला आडोसा नाही. एक दिवस बसलं तर खाडा पडतो आणि उचलीत भर पडते. तिला पाळीच नकोय, मॅडम. तुम्ही त्याला ‘स्वतः मागणी’ म्हणता? आणि त्या मागणीला कॅन्सरचं नाव देऊन बिल फाडणारे तुमच्याच धंद्यातले आहेत.

निशिगंध
‘धंद्यातले’ हा शब्द मागे घ्या. मी रात्री दोनला उठून बाळंतपणं करते. नाहीतर मी हा धागा सोडते.

माजलगावची
तुमच्यापुरता मागे घेते. त्यांच्यापुरता नाही.

कळंबकर
बघा, सगळी गाडी पुन्हा तिथेच आली. तपासणी असती तर माझ्या आईचा आजार कळला असता, आणि माजलगावच्या ताईंच्या जावेला आजार नाही हे कळलं असतं. दोघींना काहीच मिळालं नाही. मग मी म्हणतो ते चूक काय? दोघी चौथ्या वाट्यातल्याच.

शेवंती
हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा, २०१९-२१ची. ३० ते ४९ वयातल्या बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या किती? शंभरात दोनसुद्धा नाहीत, १.९ टक्के. सगळा देश चौथ्या वाट्यात. म्हणून तर मी म्हणतेय, त्या पाहणीला शिव्या देऊ नका, तिचा निकाल हातात धरून भांडा. ६४ आणि ३४ हे आपले आकडे आहेत. मंत्र्यापुढे टेबलावर आपटायचे आकडे आहेत.

निशिगंध मॅडम, पॉझिटिव्ह बाईचं तुमचं म्हणणं मला पटतं, मी ते घाईत वगळलं होतं. समजावणारं माणूस हवंच. मी आशाताईंना एवढंच शिकवते : हा विषाणू लग्न झालेल्या कुठल्याही बाईला लागू शकतो, वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, कोणामुळे आणि कधी लागला हे कुणीच सांगू शकत नाही. नवऱ्यालाही तेच सांगायचं, त्याच बाकावर बसवून.

माजलगावच्या ताई, एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते. कोपीत, दार लावून. टेबल नको, आडपडदा नको, खाडाही नको. आणि क्षयाच्या तपासणीसाठी गोव्यात बनलेली ट्रूनॅट मशीनं तालुक्यापर्यंत आलीच आहेत, त्यांच्यावर एचपीव्हीची चिपही चालते. मग अडलंय कुठे, हे मला कुणीतरी सांगावं.

अनुस्वार
पैशावर अडलंय. आणि पॅपबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

निशिगंध
स्वतः घेतलेल्या नमुन्याबद्दल मी साशंक होते. फडातल्या बाईसाठी चालेल. पण पॉझिटिव्ह आली तर तिला शोधायचं कुठे, टोळी तोवर कर्नाटकात. ते आधी लिहून काढा.

माजलगावची
टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते मुकादमाला माहीत असतं. उचल वसूल करायला बरोब्बर सापडतो की आम्ही.

कळंबकर
शेवंतीताई, मत बदललेलं नाही. चौथ्या वाट्यातल्या बायकांना शेवटी कुणी तोंडावर सांगायला हवं होतं की तुम्हाला काय मिळालं नाही. पण ‘गिनिपिग’ शब्द पोस्टमधून काढतो, तुमच्या आत्यांसाठी. बायको ४१ची आहे. कुठे न्यायचं?

शेवंती
जवळच्या ग्रामीण रुग्णालयात. पाळी संपल्यावर आठवड्याने. केसपेपर काढताना नुसतं ‘बायकांची तपासणी’ म्हणू नका, ‘गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी’ म्हणा, नाहीतर गोळ्या देऊन परत पाठवतील. उपाशी जायचं काही कारण नाही.

कळंबकर
ती विचारतेय, तपासायला बाईच असेल ना?

शेवंती
बहुतेक सिस्टरच असते. तरी आधी विचारून घ्या, आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर थांबा. मोबाइल बघत बसू नका, ती बाहेर आली की तिला दिसा.