१० मीटरचा फायबरग्लास पोल डोंगरावर नेताना कसा सांभाळायचा?

कातळवाट:
नमस्कार मंडळी, हॅम रेडिओसाठी २० मीटर बँडची एन्ड-फेड वायर (एका टोकाला जोडणी असलेली तारेची अँटेना) टांगायला टेलिस्कोपिक पोल घेतलाय, बंद केला की साधारण सव्वा मीटरचा होतो. पायथ्याच्या बारी गावाहून कळसूबाईला न्यायचाय. बॅगेला बाजूने बांधला तर लोखंडी शिड्यांवर आपटणार, शिवाय एसटीत कोणाचा पाय पडेल सांगता येत नाही. सोबत आलेलं कापडी कव्हर पुरेल का? आणि वर वारा असला की काय करता?

तांब्याची_तार:
कव्हर धूळ अडवतं, मार नाही अडवत. या पातळ नळ्या वाकल्या तरी सरळ होतात पण बाजूने दगडाचा टोला बसला की बारीक उभी चीर जाते, ती पटकन दिसत नाही आणि वर ताण आला की तिथूनच फाटत जाते. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप घ्या, ४ केजीचा (हा दाब सोसण्याचा आकडा, पाइपचं वजन नाही), ६ केजीचा नको, उगाच वजन होतं. पोलचा तळ ५० मिमीच्या आत असेल तर ६३ मिमीचा पाइप पुरतो, तरी मोजूनच घ्या. एक एन्डकॅप सोल्युशनने चिकटवायची, दुसरी नुसती दाबून वरून पट्टा, आत दोन्हीकडे फोम. हे मनापासून सांगतो, पोलएवढंच महत्त्व या पाइपला द्या.

रानवारा:
पाइपचं पटलं. पण माझ्या मते पोल जास्त खराब होतात ते वर बसवताना आणि उतरवताना. जमिनीवर टेकवून उघडला की माती आत जाते, मग प्रत्येक पिळ्याला सांध्यात सँडपेपर फिरतो. तळाशी प्लास्टिक अंथरा. घरी आल्यावर खालचं बूच काढून सगळे तुकडे वेगळे करा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मगच बंद करा. तेल-ग्रीस अजिबात नको, सांधे घसरतात आणि धूळ धरून बसते.

कातळवाट:
आणि सांधा अडकला तर?

रानवारा:
पक्कड लावू नका, नळी चिरडते. रबरी हातमोजे घालून दोघांनी दोन बाजू धरायच्या, थोडं पिळत आत दाबायचं. तरी नाही ऐकला तर त्याच सांध्याच्या बाहेरच्या नळीवर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, ती जराशी फुगते आणि आतली सुटते.

तांब्याची_तार:
वाऱ्याचं राहिलं. सगळ्यात वरचे एकदोन तुकडे काढूनच ठेवा, काडीएवढी जाडी असते, वायरच्या ओझ्याने तेच आधी मोडतात. उंची थोडी गेली तरी वायर तिरकी किंवा उलट्या व्ही सारखी लावता येते, दुसऱ्या स्टेशनांशी कॉन्टॅक्ट होतात. कोॲक्स (रेडिओकडे जाणारी केबल) मात्र वर टांगू नका, वायर आणि केबल जोडणारा ट्रान्सफॉर्मर खालीच ठेवा. ताणाच्या तीन दोऱ्या १२० अंशांवर, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीला, फार घट्ट नको कारण दोरी खाली ओढते आणि सांधे घसरून पोल आत बसतो. खडकाला बांधायचा तर मध्ये सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. सांध्यांवर इन्सुलेशन टेप नको, उन्हात चिकट होऊन डाग राहतो, वेल्क्रोच्या पट्ट्या बऱ्या.

दरीकाठ:
एक भर घालतो. वर मंदिर आहे, लोकांची ये-जा असते, दोऱ्या पायवाटेवर येऊ देऊ नका आणि त्यांना रंगीत चिंध्या बांधा, एखाद्याचा पाय अडकला तर माणूस पण पडेल आणि पोल पण जाईल. लांब कुठे गडगडलं तरी पोल लगेच खाली, पाऊस यायची वाट बघू नका.

कातळवाट:
मस्त, आजच पाइप बघतो. पोलचा तळ ४६ मिमी भरला, म्हणजे ६३चाच. सगळ्यांना ७३, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा.