मदत हवी आहे: पेटंट अमेरिकेतलं, कारखाना रबाळ्यात, माल अमेरिकेला जातो

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातू कापायचं) जॉबवर्क आहे. मटेरियल, इन्सर्टचा (कापणाऱ्या टीपचा) ग्रेड आणि जॉबचा व्यास टाकला की स्पीड, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि डेप्थ ऑफ कट (कापाची खोली) सुचवणारा प्रोग्राम माझ्या पुतण्याने लिहिलाय. त्यात टूल किती वेळ टिकेल हे सांगणारं एफ. डब्ल्यू. टेलरचं समीकरण आहे आणि आमच्या जुन्या ऑपरेटरांच्या वहीतले आकडे. आता एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलांनी नोटीस पाठवलीय की हे त्यांच्या अमेरिकन पेटंटचं उल्लंघन आहे.

भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर शोधलं, त्यांचा इथे अर्जही दिसत नाही. म्हणून भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) आणि 'प्रोग्रामला पेटंट मिळतं का' यावर चर्चा नेऊ नका, ही विनंती. अमेरिकन पेटंट रबाळ्यात लागू होत नाही, एवढं मला कळतं.

अडचण पुढे आहे. आमचे शाफ्ट पुण्याचे एक निर्यातदार घेतात आणि अमेरिकेला पाठवतात. तिथल्या पेटंट कायद्यात १९८८ साली आलेलं कलम २७१(जी) आहे: पेटंट असलेल्या प्रक्रियेने बाहेर बनवलेला माल अमेरिकेत आणला तर तेही उल्लंघन. नंतरच्या प्रक्रियांनी माल मुळातून बदलला, किंवा तो दुसऱ्या वस्तूचा किरकोळ भाग झाला, तर सूट. आमच्या शाफ्टवर पुढे हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग होतं, मग ते गिअरबॉक्समध्ये बसतात. हा बदल पुरेसा धरतात का?

दुसरं म्हणजे त्यांच्या पेटंटचा पहिला क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर हे सांगणारं कलम. डेटाबेसमधून पॅरामीटर निवडायचे, स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या भागाचा) लोड मोजायचा आणि फीड सुधारून आपोआप मशीनच्या कंट्रोलरला पाठवायचा, असे टप्पे आहेत. आमच्याकडे लोड मोजला जात नाही, आकडे ऑपरेटर हाताने टाकतो. क्लेममधला प्रत्येक टप्पा जुळल्याशिवाय उल्लंघन होत नाही, असं वाचलंय. पण हाताने टाकणं 'समतुल्य' ठरवलं जातं का?

आणि पॅरामीटर निवडण्याचं म्हणाल तर टेलरने हे गणित १९०७ सालीच छापलं, कार्ल बार्थने त्यासाठी स्लाइड रूलही बनवले. कारागिरांनी कमावलेल्या आकड्यांवर कुणी असा हक्क सांगावा, याचा मला मनापासून राग येतो.

निर्यातदार घाबरलेत, पुढची ऑर्डर थांबवलीय. त्यांना लेखी काय द्यावं? ठाणे-नवी मुंबईत मशिनिंग समजणारा, अमेरिकन क्लेम वाचू शकणारा पेटंट एजंट शोधायचा तर कुठून सुरुवात करू?