मँगनाइटमध्ये ‘बुद्धिबळाचा पट’ आहे हे खरंच सिद्ध झालंय?

भट्टीवाला: परवा इथे कुणीतरी मँगनाइटबद्दल, म्हणजे मँगनीजच्या ऑक्साइड स्फटिकांबद्दल, ठोकून दिलं: "निम्म्या डोपिंगला (निम्म्या लॅन्थनमच्या जागी कॅल्शियम) मँगनीज तीन-प्लस आणि चार-प्लस (तीन आणि चार इलेक्ट्रॉन गमावलेले) बुद्धिबळाच्या पटासारखे बसतात, हे 1955 मध्येच सिद्ध झालं." वाचून राहवलं नाही. 1955 मध्ये वोलन-कोहलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत न्यूट्रॉनने पाहिली ती स्पिनची, म्हणजे अणूंच्या चुंबकत्वाच्या दिशांची, मांडणी. पट गुडइनफ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच वर्षी बंधांच्या तर्कावर उभा केला. न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनचा चार्ज दिसतो का? रेझोनंट एक्स-रेने (मँगनीजला जुळवलेल्या ऊर्जेच्या) मोजलं तर दोन जागांतला फरक पूर्ण एका इलेक्ट्रॉनच्या कितीतरी खाली निघतो.

न्यूट्रॉनवाली: ती ओळ माझीच. सीई नावाच्या त्या स्पिन-मांडणीतल्या झिगझॅग साखळ्या मग आल्या कुठून? साखळीच्या आत फेरो (स्पिन एकाच दिशेला), शेजारच्या साखळीशी अँटिफेरो (उलट दिशेला). दोन जागा वेगळ्या असल्याशिवाय हे जमत नाही.

भट्टीवाला: 2002 चं झेनर पोलरॉनचं काम वाचा. प्रॅसिओडिमियम-कॅल्शियम मँगनाइटचा स्फटिक, तोही तुमच्याच न्यूट्रॉनने पाहिलेला. त्यात दोन मँगनीज जोडीने एक इलेक्ट्रॉन वाटून घेतात, दोघे सारखेच.

न्यूट्रॉनवाली: आणि त्याच संयुगावरच्या नंतरच्या रेझोनंट मोजमापांनी दोन वेगळ्या जागाच दाखवल्या. सोयीचं तेवढंच वाचायचं?

खल-बत्ता: दोघेही नमुन्याबद्दल बोलतच नाही. लॅन्थनम ऑक्साइड हवेतली ओल ओढतं. हजार अंशांना भाजून लगेच तोललं नाही तर लॅन्थनम कमी पडतं. माझं दीड वर्ष यात गेलं. सिनियरने दिलेली बाटली, झाकण सैल. सुमारे 225 केल्विनला चुंबकत्वाचा फेरो चढ यायला हवा होता, तो जेमतेम दिसला. मी क्रायोस्टॅटला (नमुना थंड करायच्या यंत्राला) दोष देत बसले. निम्मं डोपिंग म्हणजे अगदी सीमारेषा, जरा सरकलं की वेगळंच पदार्थविज्ञान!

भट्टीवाला: आयोडोमेट्री (टायट्रेशनने मँगनीजचा चार्ज मोजणं) केली असती तर आठवड्यात कळलं असतं. हा आळस आहे.

खल-बत्ता: आळस? अ‍ॅगेटच्या खलात रोज सहा तास घोटलंय मी, मनगट आजही दुखतं. टायट्रेशनला वेगळं बाकडं मिळायला चार महिने लागले. तुम्हाला आयते स्फटिक मिळतात, म्हणून बोलता.

भट्टीवाला: आयते नाहीत. स्फटिक वाढवायच्या फ्लोटिंग झोनच्या भट्टीपुढे मी रात्री काढल्यात. पण बाकड्याचं माहीत नव्हतं. आळस म्हणायला नको होतं.

न्यूट्रॉनवाली: ‘सिद्ध झालं’ हे माझं चुकलं, 1955 पुरतं. तीन आणि चार हे पूर्णांकही सोडते. जागा मात्र दोनच, त्यावरून हटणार नाही.

खल-बत्ता: त्या 2002 च्या स्फटिकातला ऑक्सिजन कुणी मोजला होता का, ते आधी सांगा; त्यानेही डोपिंग सरकतं.