‘बखर’ : कोणत्या कादंबरीला म्हणावे?

इतिहासात कल्पिताची सरमिसळ करणाऱ्या कादंबरीला ‘बखर’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते येईल, पण तिच्यात सांगणारा हवा.

शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन बखरी. ‘खबर’मधल्या अक्षरांची अदलाबदल होऊन तो झाला, हे प्रचलित मत, फारसी ‘बखैर’शीही काहींनी त्याचे नाते जोडले आहे. मला ‘खबर’ अधिक पटते. बखरीत कोणीतरी कोणाला तरी हकिगत सांगत असते. शिवाजी महाराजांची बखर कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. अफजलखानाच्या प्रसंगी तीत तुळजापूरची भवानी मूर्तिमंत दर्शन देते आणि महाराजांशी बोलते. सभासद त्याचा खुलासा करायला थांबत नाही; किल्ले, फौजा आणि देवी एकाच ओघात येतात. अद्भुत बखरीत मुळापासूनच आहे, ते बाहेरून आणावे लागत नाही. अस्सल कागदपत्रांपुढे राजवाड्यांनी बखरींना कमी लेखले, ते इतिहाससंशोधक म्हणून रास्तच. कादंबरीकाराला मात्र याच गुणाचा उपयोग होतो.

नंदा खरे यांनी तो फार नेमका केला. ‘अंताजीची बखर’ आणि ‘बखर अंतकाळाची’ या कादंबऱ्यांत अठराव्या शतकाची हकिगत अंताजी स्वतः सांगतो. बंगालवरच्या मराठी स्वाऱ्या इतिहासातल्या, अंताजी कल्पित. धन्याच्या आज्ञेवरून लिहिणाऱ्याची अदब त्याला पाळायची नाही, म्हणून मराठ्यांची लूटही तो बिनदिक्कत लिहितो. जुना शब्द राखून त्याची निष्ठा बदलणे, ही मला खऱ्यांची मोठी करामत वाटते.

त्यांच्याच ‘उद्या’ला मात्र मी बखर म्हणणार नाही. जवळच्या भविष्यातली, पाळतीखाली जगणाऱ्या समाजाची ती गोष्ट. (तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, खऱ्यांनी तो नाकारला.) बखर घडून गेलेल्याची असते. ‘उद्या’ला ‘भविष्यवेधी कादंबरी’ पुरे.

हल्ली लेखसंग्रहाला, संस्थेच्या स्मरणिकेलाही सर्रास ‘बखर’ म्हणतात. ‘आमच्या गावाची बखर’ हे शीर्षक गावातल्याच कोणी जाणत्याने ऐकले-पाहिलेले सांगितले असेल तर शोभते. नुसती सनावळी आणि सरपंचांची यादी असेल तर ‘गावाचा इतिहास’ लिहावे. निवेदक नसून फक्त भाषा जुन्या वळणाची असेल, तर ‘बखरवजा’ म्हणावे.