आंबोली घाटातील पाऊस आणि गाडीची ओली पडवी

दाणोलीकर:
नमस्कार. मी दाणोलीजवळ राहतो आणि नोकरीसाठी भर पावसातही रोज मोटारसायकलने आंबोली घाट चढतो-उतरतो. माझ्या १२५ सीसीच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहे. रात्री ती पडवीत उभी असते. तिथे वर पत्रा, खाली मातीची जमीन आणि झड आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंना ताडपत्री बांधलेली आहे. तरीही सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतो, पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब लोंबत असतात आणि मागचा ब्रेक पहिल्यांदा दाबताच करकरतो. गेल्या आठवड्यात घाट उतरताना रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून बाहेर पडलो, तर मागचा ब्रेक जवळजवळ लागलाच नाही आणि समोरून बस येत होती. आता पडवीला भिंती घालून दार लावावे असा विचार आहे. ते योग्य ठरेल का? आणि घाटात मी काय बदलावे?

चिरेबंदी:
कृपा करून पडवी पूर्ण बंद करू नका. तुमच्या पडवीत पाऊस जितका बाहेरून येतो, त्याहून अधिक ओल खालच्या मातीतून वर येते, आणि ताडपत्रीमुळे ती बाहेर पडू न शकल्याने रात्री गार पत्र्याला घाम सुटतो. आधी जमीन करून घ्या: माती चोपून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, वर कोबा घालावा आणि त्याला दाराच्या दिशेने दर दहा फुटांना साधारण एक इंच उतार ठेवावा. वाऱ्याच्या, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण, बाजूला जांभ्याची भिंत जरूर घाला, पण पूर्वेची बाजू जाळीची ठेवा आणि भिंतीत खाली व पत्र्यालगत झरोके सोडा. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडू नये म्हणून पन्हळ लावा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा.

घाटवाट:
मी हाच घाट अनेक वर्षे चालवतो आहे, म्हणून तुमचा बसचा प्रसंग वाचून काळजी वाटली. ड्रममध्ये पाणी शिरले की ब्रेकशूची पकड काही काळ जाते. त्यामुळे पाण्यातून बाहेर पडताच, मागे-पुढे वाहन नाही हे पाहून, हळू वेगात मागचा ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबून धरा, म्हणजे तो घासून सुकतो. घाट ज्या गियरमध्ये चढता, साधारण त्याच गियरमध्ये उतरा. क्लच दाबून गाडी घरंगळू देऊ नका. वेग वळणापूर्वीच कमी करा. रंगवलेले पट्टे आणि कठड्यालगतचे शेवाळ यांवर चाक घालू नका. धुक्यात हेडलाइट लो बीमवरच ठेवा, कारण हाय बीमचा उजेड धुक्यावरून परतून डोळ्यांवर येतो. दाट धुक्यात रस्त्याच्या कडेला थांबणेही धोक्याचे आहे. थांबायचेच झाले तर रस्ता सोडून पूर्ण आत थांबा. टायरच्या खाचा तळाच्या उंचवट्यापर्यंत झिजल्या असतील, तर टायर बदलल्याशिवाय घाटात जाऊ नका.

दाणोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. कोबा आणि भिंत यंदा पावसाळा संपल्यावरच शक्य आहे. तोपर्यंत रोज संध्याकाळी काय करावे?

चिरेबंदी:
पूर्वेची ताडपत्री आजच सोडा आणि गाडी मेन स्टँडवर फळीवर उभी करा. इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने फिरवत चेन फडक्याने कोरडी करा आणि मग ९० नंबरचे गियर ऑइल आतल्या बाजूने लावा. टायरवर किंवा ब्रेकवर एक थेंबही जाऊ देऊ नका. मागचा ब्रेक इतका करकरतो आहे, तर ड्रम एकदा उघडून साफ करून घ्या आणि ब्रेकशू किती उरले आहेत तेही पाहून घ्या. पडवीत दिवा घेणार असाल, तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच, आणि तरीही ओल्या हाताने बटण दाबू नका.